अक्काची पत्रं मी वाचायचे

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगूडला लग्नाच्या पंगतीत बसले होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं, आता हिच्यावर सगळे लिहितील आणि मला कुणी विचारणारही नाही. महिन्याभराने पेपरच्या पुरवणीवाल्यांनी तिच्यावर लिहाल का म्हणून विचारलं... म्हणून लिहिते आहे.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली. नव्वदच्या दशकात, कोल्हापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत ती आपली पुस्तकं तोंडी सांगायची आणि शाळेतली नोकरी सांभाळून मी ती लिहून घ्यायचे. लिहायची हौस मलाही होती, पण माझ्या वह्या कुणी मागितल्या नाहीत. अंध मुलांना परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून ती एका कार्यालयाच्या पायरीवर चार दिवस बसली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून उभी. पेपरात फोटो आला, त्यात माझा फक्त हात होता.

मग तिला वाचकांची पत्रं येऊ लागली. वाचून दाखवणारी मीच. एकाने लिहिलं होतं, 'तुमच्यामुळे मी लिहायला लागलो.' माझ्या पोटात दुखलं. ते वाक्य मी गाळलं, आणि पुढे सवयच लागली. कौतुक गिळायचं, छपाईच्या चुका दाखवणारं तेवढं खणखणीत वाचायचं. अशी कितीतरी वर्षं गेली. अक्का पाकीट स्वतः फोडायची, कागद चाचपायची आणि मग माझ्या हातात द्यायची.

"चार कागद हाईत की," एकदा ती म्हणाली. "एवढ्यात संपलं व्हय?"

"अक्षर मोठं हाय," मी म्हटलं.

तिने कागद माझ्या हातून काढून घेतले. "मग तुझ्या वहीतलं कायतरी वाच. ते तरी पुरं वाचशील."

मी वाचलं. पानंच्या पानं वाचली, आणि तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. गाळलेल्या वाक्यांबद्दल ती शेवटपर्यंत काही बोलली नाही, मीही कबूल केलं नाही.

गेल्या आठवड्यात शाहूवाडीहून पत्र आलं. लिहिणाऱ्या बाईंना अक्का गेल्याचं ठाऊक नव्हतं. त्यांच्या अंध मुलीला अक्काने भांडून लेखनिक मिळवून दिला होता. ती मुलगी आता शिक्षिका झाली आहे. अक्काच्या खोलीत, तिच्या रिकाम्या कॉटसमोर बसून मी ते मोठ्याने वाचलं, एकही शब्द न गाळता. वाचून संपलं तरी हेवा गेला नाही, आणि जिचा करायचा ती अक्का आता नाही.