दादाचं झाड

कूलरला नवा वाळा लावून पहिल्यांदा पंप सुरू केला, की जो गार, मातकट, किंचित गोडसर वास घरभर पसरतो, त्यासाठी नागपूरचा माणूस उन्हाळ्याचे सगळे अपराध पोटात घालतो. काल तो वास आमच्या घरात दरवळला. आज सकाळी टाकीत उरलेलं पाणी बादलीत काढलं, जुन्या सवयीनं अंगणात निघाले आणि मोठ्या कुंडीपाशी येऊन थबकले. हे पाणी या झाडाला चालत नाही. बादली तशीच मोरीत रिकामी केली. कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. ऐन उन्हाळ्यात भरली बादली मोरीत ओतणाऱ्या बाईविषयी तिचं काय मत झालं, ते तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. तिला कारण सांगायचं तर आधी माझा मत्सर सांगावा लागला असता, म्हणून मी नुसती हसले.

झाड अवोकॅडोचं आहे. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, परदेशात असतो. एका हिवाळ्यात तो घरी आला, तेव्हा कुठूनसं ते महागडं फळ घेऊन आला आणि त्यानं ते मीठमिरी भुरभुरून पावाला लावून खाल्लं. बाबांनीही चाखलं आणि बिनमिठाचं लोणी लागतं, असं म्हणून उरलेलं माझ्या ताटलीत सरकवलं. दादाची सुट्टी संपली, तो गेला. बी तेवढी ओट्यावर राहिली होती. बाबांनी ती धुतली, तिला काड्या टोचून पाण्याच्या पेल्यावर बसवली आणि रोज पाणी बदलत राहिले. बी उकलली, मूळ फुटलं, कोंब आला, कुंडी आली, आणि बघता बघता त्याचं नाव ‘दादाचं झाड’ पडलं. आई गेल्यापासून या घरात बाबा आणि मी दोघंच होतो. शाळेतली नोकरी, बाबांची औषधं, दळण, सिलिंडर, सगळं माझ्याकडे. माझ्या नावाचं मात्र या अंगणात काही नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी त्या कुंडीकडे बघत शिकले.

आणि काय लाड त्या झाडाचे! सकाळी चहाच्याही आधी बाबा अंगणात जाऊन मातीत बोट खुपसत. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं, आणि द्यायचं तर असं सावकाश, की कुंडीच्या बुडाच्या भोकातून ते बाहेर यावं. उन्हाळ्यात वर हिरवी जाळी, मातीवर वाळक्या पाल्याचं पांघरूण. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, लागला, की सूर्य वर यायच्या आत त्याचं पाणी आटोपलेलं असे. पावसाळ्यात नेमकी उलटी काळजी: मुळांशी पाणी साचलं तर झाड सडेल, म्हणून कुंडी विटांवर चढवायची आणि संततधार लागली की छज्ज्याखाली सरकवायची. सरकवायला अर्थात मी. थंडीत तर कहर होता. पहाटेचं पाणी त्याला झोंबेल म्हणून बादली आधी उन्हात ठेवायची आणि कोवळं ऊन अंगणभर झाल्यावर बेतानं घालायचं. त्याच थंडीत मी काकडत पहाटेच शाळेला निघायची. बाबा जाळीच्या दारातून विचारायचे, “दादाच्या झाडाचं पाणी उनात ठेवलं का वं?” मी हो म्हणायची आणि माझ्या पोटात एक निखारा खाली बसायचा. एका झाडावर जळणारी प्रौढ बाई ही हसण्याचीच गोष्ट आहे, हे मला कळत होतं. कळून जळणं थांबत नाही.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची खाट अंगणाकडच्या खिडकीशी आली. पाणी घालणं माझ्याकडे आलं. आमच्याकडे कूलरच्या टाकीतलं पाणी कोणी फेकत नाही. मोगरा, तुळस, मनीप्लांट सगळे त्यावरच उन्हाळा काढतात. मीही तेच पाणी दादाच्या झाडाला घालत होते, बोट खुपसून, सावकाश, सगळं बाबांच्या पद्धतीनं. तरी पानांच्या कडा करपू लागल्या. आधी टोकं तपकिरी झाली, मग अर्धी पानं. बाबा खिडकीतून दिवसभर ते बघत. एका दुपारी मी शाळेतून आले, पायातली चप्पलही काढली नव्हती, तेव्हा ते हळूच म्हणाले, “तुले हे झाड आवडत नाही न वं? खरं सांग.”

त्यांना माझ्या मनातलं इतकं नेमकं ठाऊक होतं आणि हातांविषयी इतकं चुकीचं, याचाच मला संताप आला. “बाबा, मी पाणी पेली का, हे तुम्ही कधी विचारलं मले?” एवढंच बोलले आणि आत गेले. संध्याकाळी रागारागात कूलरची टाकी घासायला बसले, तेव्हा तिच्या काठावर खरखरीत पांढरा थर हाताला लागला. तसाच थर कुंडीच्या मातीवर होता. बोट जिभेला लावलं, तर खारट. कूलरमध्ये भरतो ते आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड. कूलरमध्ये दिवसभर उडून उडून त्यातला खार तेवढा उरत होता, आणि तोच मी त्या झाडाला पाजत होते. मोगऱ्याला तो सोसत होता, याला सोसत नव्हता. नळ आल्यावर त्याच्या गोड्या पाण्याच्या बादल्यांमागून बादल्या सावकाश ओतून मी ती माती धुऊन काढली. बाबा खिडकीतून पाहत होते. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले, तर खाटेजवळच्या स्टुलावर माठातल्या पाण्याचा पेला होता, वर ताटली झाकलेली, शेजारी गुळाचा खडा. कामाच्या बाईकडून त्यांनी भरून ठेवून घेतला होता. मी उचलून घटाघटा प्यायला लागले, तर म्हणाले, “उनातून आली न. एकदम नोको. थोडं थोडं पे.” तो पेला मग त्या उन्हाळाभर रोज तिथं असायचा. झाडावर पुढे तांबूस कोवळी पानं आली. नाव मात्र ‘दादाचं झाड’च राहिलं, आणि ते ऐकून पोटातला निखारा दर वेळी थोडा तरी फुलायचाच.

बाबा गेले तेव्हा दादा आला. सगळं उरकल्यावर एका सकाळी तो पाण्याची बाटली घेऊन अंगणात उभा होता. झाड तोवर त्याच्या डोक्याच्या वर गेलेलं. त्यानं एक पान बोटांत धरलं आणि विचारलं, “हे कशाचं झाड होय वं?”

माझा विश्वास बसेना. ज्या नावावर मी इतकी वर्षं जळले, ते नाव त्याच्या गावीही नव्हतं. त्याला ते फळ, तो पाव, ती बी काहीच आठवत नव्हतं. बाबांसाठी माझं काळीज तुटलं. सांगावं असं ओठांवर आलं होतं. “बाबाचं होय,” मी म्हणाले. तो बरं म्हणाला आणि बाटलीत उरलेलं पाणी कुंडीत ओतायला वाकला, तसा मी त्याचा हात धरला. माती ओली होती.

मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही. फोनवर कधी झाडांचा विषय निघाला, तर बदलते. सांगितलं, की ते झाड पुन्हा त्याचं होईल, आणि तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही. बाबांचं सगळं प्रेम त्याच्या नावानं त्या मातीत मुरलं, हे मी त्याच्यापासून लपवून ठेवलं आहे. झाडाला फळ धरलेलं नाही, आमच्या उन्हात कदाचित धरणारही नाही. तरी आज कूलरचं पाणी मोरीत ओतल्यावर मी मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं होतं. नळाचं पाणी आणून सावकाश घातलं, बुडातून ओल येईपर्यंत थांबले. मग आत येऊन माठातलं पेलाभर पाणी घेतलं आणि खिडकीशी बसून प्याले, थोडं थोडं.