तेल-पाणी केलेली किडनी

तिसऱ्या बाकावर दोघं टेकली, तेव्हा दवाखाना बराच मागे पडला होता आणि घर अजून तेवढंच पुढे होतं. धाकटी म्हणाली होती, गाडी करू. दादा म्हणाला, पायीच. स्वतःवर चिडला की तो चालत सुटतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिला मात्र वीस पावलांत धाप लागत होती. म्हणून दर बाकाशी तो मुकाट थांबायचा, रुमालाने बाक पुसायचा आणि म्हणायचा, "बस छकुले." छकुली बावन्न वर्षांची होती.

दादाचं पंपदुरुस्तीचं दुकान. जळलेला पंप उघडायचा, तार नव्याने गुंडाळायची, बेअरिंग बदलायचं. पण त्याचा नेम असा, की तेल-पाणी करून दिवसभर पूर्ण लोडवर चालवल्याशिवाय पंप गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही. "दुसऱ्याला द्यायची वस्तू," तो म्हणायचा, "ताकद बघूनच द्यावी."

धाकटीच्या दोन्ही किडन्या थकल्या, तेव्हा "माझी एक घे" एवढंच तो म्हणाला. पाना मागितल्यावर पाना द्यावा तसं. रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्यांना दोन महिने अवकाश होता. तेवढ्यात दादाने किडनी सर्व्हिसिंगला काढली.

सकाळी आठ अंडी, दुपारी वाडगाभर डाळ, संध्याकाळी दुकानातल्या मोटारी उचलून व्यायाम आणि त्यावर दुधातून पावडर. पावडरीच्या डब्यावर पहिलवानाचं चित्र. वहिनी म्हणाली, "बहिणीला किडनी द्यायचीय, का तिच्याशी कुस्ती खेळायचीय?"

"या पावडरीने पुरुषाचे हार्मोन वाढतात," दादा म्हणाला.

"वाढू देत. ओला टॉवेल वाळत घालायची अक्कल त्यातच येत असेल तर बरंच होईल."

धाकटी तेव्हा डॉक्टरांच्या हुकमाने अर्धी वाटी डाळ मोजून घेत होती. "मोजून जेवणं म्हणजे अन्नाचा अपमान," दादा तिला ऐकवायचा, आणि तिच्यासाठी म्हणून तिच्याही वाट्याचं खायचा.

आज रिपोर्ट आला. लघवीत प्रथिनं उतरलेली, रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळायचा कचरा, वाढलेलं. "खाता काय?" डॉक्टरांनी विचारलं. दादाने अभिमानाने यादी सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, प्रथिनांचा कचरा गाळते कोण? किडनीच. धडधाकट किडनी चार अंड्यांनी कोसळत नाही, पण तुम्ही तिला दोन महिने ओव्हरटाइम लावलात. वर ती पावडर, ती ओझी. आता किडनीच बिघडलीय, का नुसता रिपोर्ट गढूळ झालाय, मी कसं ओळखू? महिनाभर सगळं बंद, साधं जेवण, मग पुन्हा तपासू. तेव्हाही हेच निघालं, तर तुमची किडनी घेता येणार नाही."

दादाने हळूच विचारलं, "आणि ते हार्मोन?"

"ते डब्यावरच्या चित्रात वाढतात. पोट भरल्याचा निरोप देणारे तेवढे तुमचे वाढले असतील. भूक मेलीय ना?"

मेली होती. दादा त्यालाच ताकद समजत होता.

"किडनीसुद्धा हार्मोन बनवते. रक्त तयार करा, असा निरोप धाडते," डॉक्टर धाकटीकडे बघत म्हणाले. "यांच्याकडून तो निरोप पुरेसा जात नाही. म्हणून ही धाप."

डॉक्टर रिपोर्ट वाचत होते, तोवर धाकटी मनात देवाचं नाव घेत होती. नंतर तिचं तिलाच वाटलं, भावाच्या पोटातली वस्तू आपल्याला मिळावी, ही कसली प्रार्थना?

आता बाकावर ती म्हणाली, "दादा, जास्त गाळ ओतून फिल्टर मजबूत होतो का रे?"

"गिऱ्हाइकाने असं केलं असतं, तर शिव्या घातल्या असत्या मी."

"मग घाल की."

"कुठून सुरुवात करू, तेच बघतोय."

दोघंही हसली. तिला हसतानाही दम लागला.

"देवाने तयार करून दिलेली वस्तू," ती म्हणाली, "आणि तू तिला लोड लावून बघतोस!"

दादाने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"छकुले, एक करशील? महिनाभर माझं ताट तू वाढ. तुझी वहिनी मायेने वाढते आणि मी संपवतो. तुझ्या हाताला माप आहे." तो उठून उभा राहिला आणि तिला उठवायला त्याने हात पुढे केला. "आणि मी अजून मागितलं ना, तर मला देऊ नकोस."