मायनस दोन झिरो

“थिसिसमध्ये दोन झिरो, फळ्यावर मायनस दोन. यातलं खरं कुठलं?” धारवाडहून परीक्षक म्हणून आलेल्या एक्सटर्नल सरांनी वैशालीला विचारलं आणि हाताची घडी घातली.

वैशाली माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तो तिचा ओपन व्हायवा, म्हणजे भरल्या हॉलमधली तोंडी परीक्षा. निपाणीच्या कॉलेजातली तिची टेंपररी नोकरी पर्मनंट होणं या डिग्रीवरच अडलेलं. मागच्या बाकावर उचगावहून आलेले तिचे आप्पा, मांडीवर कुंद्याच्या मिठाईचा डबा. आणि मी गाइड. व्हायवात गाइडनं मध्ये बोलायचं नाही. माझा वर्गातला आवाज वडगावपर्यंत जातो म्हणतात, आणि मीच गप्प बसायचं!

विषय कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. सोपं करून सांगते. फंक्शनची किंमत जिथं शून्य होते, त्या जागेला झिरो म्हणतात. आत किती झिरो आहेत ते बाहेरूनच कळतं. भोवतीनं बंद रेघ काढायची, तिच्यावरून एक चक्कर मारायची आणि तेवढ्यात फंक्शनची किंमत दाखवणारा बाण किती गिरक्या घेतो ते मोजायचं. जितक्या गिरक्या, तितके झिरो. घरात न डोकावता आतली माणसं मोजायची, असंच म्हणा. आता घरात मायनस दोन माणसं कशी असतील?

वैशालीनं गणित तपासलं. बरोबर. परत तपासलं. हातातला खडू मोडला. मला चूक केव्हाच दिसली होती. मी रुमाल तोंडावर धरून बसले.

मग ती दोन पावलं मागं सरली. फळ्यावरच्या रेघेवरून हवेतच बोट फिरवलं, आणि एकदम हसली.

“अगं बाई! सर, मी प्रदक्षिणाच घातली की!”

“म्हणजे?”

“झिरो डाव्या हाताला ठेवून फिरायचं असतं. मी देवळासारखं उजव्या हाताला ठेवलं. बाण उलटा फिरला, म्हणून मायनस. झिरो दोनच, सर.”

दरवर्षी माझा निम्मा वर्ग हेच करतो. लहानपणापासून पायांना तीच सवय.

सर खूश झाले. पण सोडतात कुठले! “बरं, आणि महादेवाच्या देवळात?”

“तिथं गोमुख ओलांडत नाहीत. तिथवर जायचं, आल्या वाटेनं परत. जातानाच्या गिरक्या येताना उलगडतात. उत्तर शून्य.”

“शून्य?” मागं आप्पा उठलेच. “आन् पोरीच्या डिग्रीसाठी मी दर सोमवारी घालतोय, त्ये?”

अख्खा हॉल खदाखदा हसला. सर म्हणाले, “आप्पा, पाप-पुण्याचं डिपार्टमेंट वेगळं. आमच्याकडं तुमची पोरगी पास.”

झालं, माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. काय बोलले आठवत नाही. आनंदानं रडले मात्र भरपूर, आणि कुंदाही तितकाच खाल्ला.

आता पहिल्याच तासाला सांगून टाकते: देव उजवीकडं, झिरो डावीकडं.

आप्पांचे सोमवार अजून चालू आहेत. परवा भेटले तेव्हा मी छेडलं, तर म्हणाले, “शून्य तर शून्य, मॅडम. लागू पडलं न्हवं?”