पाणी पाजणाऱ्याचं घर

जीप फाट्यावर उभी होती आणि माय ओट्यावरून खाली उतरली नाही. माठातलं पाणी बाटलीत भरून, बाटलीला ओलं फडकं गुंडाळून तिनं माझ्या हातात दिलं. "रस्त्यानं पेत जाजो," एवढंच म्हणाली. इंझोरीवरून कामरगावला गेलो, तिथल्या शेटजींकडून कागदपत्रं घेतली, मग रेल्वे, मग मुंबईचं विमानतळ. दोन दिवसांत त्या बाटलीतला एक घोटही मी घेतला नाही. तपासणीच्या रांगेत शिपाई म्हणाला, पाणी आत नेता येत नाही. बाटली टोपलीत टाकली आणि, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

हे मी तुमच्यासाठी लिहितो आहे, गावात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पुण्याला, दुबईला पांगलेल्यांसाठीही. ते पाणी का प्यालो नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

शेटजींच्या पुतण्याचं चीनमधल्या एका लहानशा शहरात गोदाम आहे. तुमच्या पाठीवरचे बॅटरीचे फवारणी पंप तिथूनच येतात. कंटेनर भरण्याआधी प्रत्येक पंपाचं नोझल, चार्जर, पट्टा तपासायचा हे माझं काम. बारा वर्षं झाली. भाषा आधी हातवाऱ्यांवर, मग मोबाइलवर भागवली, आता भांडण करण्याइतकी येते. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, त्याचीही सवय झाली. एकच गोष्ट काही केल्या जमली नाही. तिथं सगळे गरम पाणी पितात, भर उन्हाळ्यात. माझे घरमालक वांगबाबा नव्वदीला टेकलेत, तरी रोज सकाळी माझ्या दाराशी उकळत्या पाण्याचा थर्मास आणून ठेवतात. त्यांचं आडनाव सांगितलं तेव्हा माय फोनवर हसली होती: "वांगं? भरताचं का भाजीचं?"

वर्षातून एका दिवशी त्या शहरात युद्धाच्या आठवणीचा भोंगा वाजतो. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबतात. वांगबाबा मात्र दार लावून आत बसतात. यंदा भोंगा झाला तेव्हा मी त्यांच्याच घरात होतो. सरळ विचारलं, तुम्ही बाहेर का जात नाही? त्यांनी सांगितलं. बोलले त्यांच्या भाषेत, पण मला ते आपल्याच बोलीत ऐकू येत गेलं, तसंच लिहितो.

त्यांच्या बापाचं त्याच गल्लीत उकळत्या पाण्याचं दुकान होतं. घरोघर चूल पेटवणं परवडायचं नाही, म्हणून लोक किटल्या घेऊन यायचे. जपानी फौज आली तेव्हा ज्यांना जमलं ते पळाले, काही तरुण बांबूच्या डोंगरात जाऊन लढू लागले. बाजाराचा पुढारी दंडावर पट्टा बांधून फौजेला घराघरातली माणसं दाखवू लागला. आणि वांगबाबांचा बाप शिपायांना पाणी भरून देऊ लागला. पण किती बादल्या गेल्या यावरून शहरात किती शिपाई आहेत हे त्याला कळायचं. ते तो एका मीठ विकणाऱ्याच्या कानावर घालायचा आणि मीठवाला डोंगरात पोचवायचा. मीठवाल्याला कोणीतरी पकडून दिलं. तो मेला आणि पाणीवाल्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकणारा एकमेव माणूस गेला. युद्ध संपलं, तर फितुरांची यादी करायला तोच पुढारी बसला. पहिलं नाव पाणीवाल्याचं लिहिलं. मला रागानं बसवेना. आपल्याकडेही तलावासाठी जमिनी द्यायच्या कागदावर सह्या करून देणारे वेगळेच होते आणि पुढच्या निवडणुकीत तेच निवडून आले, तुम्हाला ठाऊक आहे.

पण म्हाताऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. "मी वीस वर्षांचा झालो, कारखान्यात लागाचं होतं. फॉर्मात बाप काय करते ते लिहा लागे. मी लिहिलं, शत्रूचा मानूस. तसं लिहिलं तरच घेत. बाप बाजूले बसून होता, त्याले वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, काय लिहिलं बा? मी म्हनलो, पानीवाला. तो खुश झाला."

भोंगा केव्हाच थांबला होता. मग मी माझं सांगितलं.

आपल्या शिवारात तलावाची मोजणी आली होती, वावरं पाण्याखाली जाणार होती, तेव्हा गावानं ठरवलं होतं, मोजणीवाल्यांना कोणी खाट द्यायची नाही, दोरी द्यायची नाही, पाणीसुद्धा द्यायचं नाही. पोरांच्या कमिटीत मी सगळ्यात मोठ्यानं बोलायचो. वैशाखातल्या दुपारी मोजणीवाल्यांतला एक म्हातारा, मोजणीची साखळी ओढणारा, आमच्या कडुलिंबाखाली चक्कर येऊन पडला. मायनं त्याच्या तोंडाला पाण्याचा गडवा लावला. घरात ती आणि मी, दोघंच. बाप मी लहान असतानाच गेलेला. दुसऱ्या दिवशी वावरात खुणांचे दगड दिसले आणि सभा भरली. कोणी मला विचारलंही नव्हतं. मीच उठून म्हणालो, पाणी आमच्या घरून गेलं. किती ताठ मानेनं म्हणालो होतो! कमिटीत माझी वाहवा झाली. आणि माय दर उन्हाळ्यात रस्त्याकडेला वाटसरूंसाठी जो रांजण भरून ठेवायची, त्यात गावातल्या कोणी पुन्हा गडवा बुडवला नाही. जीपमधून उतरणारे परके तेवढे पीत. ती मात्र आजही भरते. माझ्यानं ते बघवेना. शेटजींनी चीनचं विचारलं तर मी लगेच हो म्हणालो. लोकांना वाटलं पोरगं शिकलं, पुढे गेलं. मी पळालो होतो.

वांगबाबांनी ऐकून घेतलं. माझ्या कपात गरम पाणी ओतलं. "माही गोष्ट ऐकाले बाप राह्यला नाही," ते म्हणाले. "तुई माय हाय ना?"

त्याच दुपारी फोन लावला. आपल्याकडे सकाळ होती, माय तांदूळ निवडत बसली होती.

"माय, सभेत त्या पान्याचं मी सांगितलं होतं."

"मले माहीत हाय, बाबू. घरात आपन दोघंच होतो."

"मंग इतके वर्सं बोलली काहून नाही?"

"तू जाऊन राह्यला होता. जात्या मानसाले काय बोलाव?" मग तिनं विचारलं, "ते बाटलीतलं तरी पेला होता काय?"

या एका गोष्टीत खोटं बोलणं फार सोपं होतं. मी म्हणालो, "नाही, माय."

सुपातले तांदूळ हलवल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मी रडत होतो, ते तिला कळलं असणार.

"बरं मंग," ती म्हणाली. "येऊन पे."

तिकीट काढलं आहे. बारा वर्षं मला वाटत होतं, जिथं मला कोणी ओळखत नाही तेच माझं घर. आता माझं घर म्हणजे रस्त्याकडेचा तो रांजण. येईन तेव्हा आधी घरात जाणार नाही. भर दुपारी, तुम्ही सगळे येता-जाता बघाल असा, तिथंच उभा राहून पिणार आहे.