गाड्या बुटक्या करणारा मिस्त्री

मिस्त्री चांगल्या, चालत्या गाड्या कापायचा. अपघातातल्या नव्हेत की गंजलेल्या नव्हेत. सकाळी स्वतःच्या चाकांवर आलेली धडधाकट पिकअप दुपारी त्याच्या शेडमध्ये पाठ उघडी टाकून पडलेली असायची, आणि मालक शेजारी उभा राहून हसत असायचा. कापण्याआधी मिस्त्री मालकाला विचारायचा, "कापू?" नुसती मान हलवून चालायचं नाही. तोंडाने हो म्हणायचं, तेही तीनदा. "मान मानूस कायलेही हालवते," असं त्याचं म्हणणं. त्याची शेड बहारीनमधल्या हिद्द गावात, तिथल्या अरब पोरांनी त्याचं नाव अबू मिन्शार ठेवलं होतं. म्हणजे करवतीचा बाप. आम्ही आपले मिस्त्रीच म्हणायचो.

तो अकोल्याकडचा. बहारीनमध्ये सव्वीस वर्षं काढलेली. शेड अरबाबची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर तो इथे होता त्या अरब मालकाची. मी इथे आले नवरा वारल्यावर, मुलाकडे, सनाबिसला. रिकामं बसायची सवय नाही म्हणून मशीन घेतलं आणि फॉल-पिको, ब्लाउज, ठिगळं असलं काम करायला लागले. कोणीतरी त्याला माझा पत्ता दिला. दारात उभा राहून म्हणाला, "जय भीम काकू. एवढं झाकून द्या." पिशवीत पाच पँटी होत्या. ठिणग्यांनी गुडघ्यापासून खाली नुसती भोकं.

"ही पँट आहे का चाळण?" मी विचारलं.

"चाळनच हाये. आत पाय हायेत म्हनून पँट म्हना लागते."

त्या दिवसापासून महिन्यातून एका शुक्रवारी तो यायचा. चहा प्यायचा, पँटी द्यायचा, आणि मी शिवत असताना आपल्या कामाबद्दल बोलत बसायचा. मला आधी ते कामच पटलं नव्हतं. तिथल्या पोरांना गाडी बुटकी हवी असते. इतकी बुटकी, की उभी केल्यावर पोट जमिनीला टेकलं पाहिजे. चाकांपाशी हवेच्या पिशव्या बसवतात. बटण दाबलं की हवा जाते आणि गाडी उंटासारखी खाली बसते. पुन्हा दाबलं की उठते. मी विचारलं, "बसवून करायचं काय?" तो म्हणाला, "पाह्यचं. दुसरं काय!"

पण गाडी खाली बसली की मागची दोन चाकं जोडणारा जाड दांडा वर येतो आणि चासीवर आपटतो. चासी म्हणजे ज्यांवर अख्खी गाडी उभी असते ते दोन लांब लोखंडी पाट. म्हणून त्या दांड्याच्या वर, दोन्ही पाटांतून अर्धा गोल तुकडा कापून काढावा लागतो. हे त्याने हातवारे करून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे काख. हात वर जायचा तर ब्लाउजची काख खोल कापावी लागते." तो मांडीवर थाप मारून हसला. पुढे शेडमध्येही तो त्याला काखच म्हणायला लागला. केरळचा वेल्डरसुद्धा "काखा" म्हणायचा म्हणे.

काख कापली की तिथला जोर जातो. तो परत आणणं हे खरं काम. चासीचे पाट एका बाजूने उघडे असतात, पन्हाळीसारखे. मिस्त्री ती उघडी बाजू जाड पत्र्याने बंद करून तिची पेटी करायचा. त्या पत्र्याच्या ठिगळाची टोकं सरळ कापायचा नाही, माशाच्या तोंडासारखी निमुळती ठेवायचा. "आडवी शिवन मारली का तिथूनच फाटते," तो म्हणाला. मी म्हटलं, कापडाचंही तसंच आहे, चौकोनी ठिगळ कोपऱ्यातून उसवतं. "हेच सांगतो मी सगळ्याईले. पन लोखंडवाल्याले शिंप्याचं कोन ऐकते!"

कापण्याआधी तो चासीला चारी बाजूंनी लोखंडी आधार बांधायचा. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात टेप लावून मोजायचा, दोन्ही तिरपी मापं सारखी आली की खडूने लिहून ठेवायचा. काम चालू असताना रोज तेच माप. वेल्डिंगही सलग नाही. एक बोट इथे, एक बोट तिकडे, मग थांबायचं. कोणी घाई करून गरम लोखंडावर पाणी ओतलं तर शिव्या घालायचा. "लोखंडाले वाटलं पाह्यजे का आपल्याले काई झालंच नाई," असं तो म्हणायचा. माणसांबद्दल त्याचं इतकं हळुवार बोलणं मी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी तो आला आणि माझ्या सुनेला "काय काकू, गुडघे काय म्हनतात?" असं विचारून आत आला. माझी सून बेचाळीस वर्षांची, जीन्स घातलेली. ती हसली. मला हसू आलं नाही. मी तपकिरी पँट त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "ठिगळ कोणत्या रंगाचं लावू?"

"काळंच लावा. पँट काळी हाये नं."

"मिस्त्री, तुला दिसत नाही."

तो आधी हसला. मग चहाचा कप खाली ठेवला, हाताने टेबलाची कड चाचपून. म्हणाला, त्याच्या बापाला असंच आधी धुकं दिसायला लागलं होतं. मग सगळंच गेलं. आई हाताला धरून शेतावर न्यायची आणि झाडाखाली बसवून ठेवायची. बाप तसाच बसून मेला.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं का दुखन्याले नाव पडते. नाव पडलं का अरबाबले समजते. मंग व्हिसा बंद, एक्झिट. अन् घरी जाऊन काय करू? झाडाखाली बसू?"

"मग काम कसं करतोस?"

"कानानं. भजे तळल्यासारखा आवाज आला का समजाचं, शिवन बसली. सव्वीस वर्षं झाली काकू, हाताले पाठ हाये." मग म्हणाला, "कोनाले सांगू नका."

"मी कशाला कोणाला सांगू?" मी म्हटलं. दुसऱ्याच्या गाड्या, दुसऱ्याचे डोळे. मला त्यात काही अवघड वाटलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत माझ्या नातवाने, निखिलने, नोकरी लागल्यावर जुनी पिकअप घेतली. एका जेवणात त्याने सांगितलं, "आजी, पिकअप मिस्त्रीकाकांकडे दिलीय. फुल लो करतायत." मी त्याला अजून एक पोळी वाढली. पाठोपाठ मिस्त्रीचा फोन आला. "काकू, पोरगा तीनदा हो म्हनला बरं." मी फक्त "बरं" म्हटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि त्याने केलेल्या गाड्या रस्त्यावर धावताना मी पाहत होते. खरं सांगायचं तर मी विचारच केला नाही. मधे एकदा निखिल मला शेडमध्ये घेऊन गेला. घरासमोर रोज उभी राहणारी गाडी तिथे मधोमध फाकलेली होती. मी पाच मिनिटांत बाहेर आले.

दोन महिन्यांनी, गुरुवारी दुपारी, गाडी मिळायची होती. दुसऱ्या दिवशी वाळवंटात पोरांचा मेळावा होता, तिथे न्यायची होती. निखिल म्हणाला, "आजी, फर्स्ट राइड तुझी." शेडमध्ये अरबाब होता, निखिलचे तीन-चार मित्र होते, आणि स्वच्छ शर्ट घालून मिस्त्री होता. गाडी खालून सगळी काळी रंगवलेली. निखिलने बटण दाबलं, गाडी फुस्स करून जमिनीवर बसली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हटलं, "आता उठव."

ब्लाउज हातात आला की मी आधी उलटा करते. बाहेरून सगळे चांगलेच दिसतात. मी मागच्या चाकापाशी खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि हात आत घातला. काखेच्या कडेने बोट फिरवलं. शिवण मऊ लागत होती, एकसारखी. मला हायसं वाटलं. मग उजव्या बाजूला, ठिगळाच्या खालच्या कडेला, बोट अडखळलं. शिवण होती, पण सांध्यावर नव्हती. सांधा सोडून बोटभर बाजूने गेली होती. चार बोटं लांबीपर्यंत ठिगळ नुसतं टेकलेलं होतं. माझं नख आत गेलं. रंगाने ते झाकलं होतं.

"मिस्त्री, शिवण घसरलीय," मी म्हटलं. "ठिगळ इथे नुसतं टेकलंय."

"नाई काकू, असं कसं होईन?"

अरबाबने विचारलं, "माँजी क्या बोलता?"

आणि मी उठता उठता, सगळ्यांसमोर, हिंदीत म्हणाले, "इसको आँखसे दिखता नहीं. बहुत दिनसे नहीं दिखता."

 निखिल म्हणाला, "आजी!" मला माझाच आवाज कानात येत होता. शिवणीचं बोलणं भाग होतं. डोळ्यांचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. ते तोंडातून गेलं.

मिस्त्री स्वच्छ शर्टासकट गाडीखाली आडवा झाला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. माझ्याच हातची ठिगळं लावलेली पँट. मग तो बाहेर आला, म्हणाला, "हाव," आणि भिंतीपाशी जाऊन लोखंड कापायचं ग्राइंडर घेऊन आला. त्या दिवशी त्याने "कापू?" असं विचारलं नाही. दोन महिन्यांचं काम, वर ताजा रंग, आणि त्याने त्यात ग्राइंडरचं चाक घातलं. ठिणग्या उडाल्या, पोरं मागे सरकली. अरबाब थांब म्हणून ओरडत होता, "खलास, मिस्त्री, खलास!" त्याने ठिगळ पूर्ण सोडवलं, दोन्ही बाजूंचं, आणि मगच बटण बंद केलं. बोटाने चाचपून कापत होता. ते बघून तिथल्या प्रत्येकाला माझं वाक्य पटलं.

मग त्याने अरबाबला सांगितलं, डोळ्यांपुढे धुकं यायला लागल्यापासूनच्या, म्हणजे गेल्या आठ महिन्यांतल्या सगळ्या गाड्या परत बोलवा. अरबाब त्याच्याकडे बघतच राहिला. असं स्वतःहून कोण सांगतं? पण गाड्या आल्या. अजून एकीत तसंच निघालं. नुसती ती एकच. ती रोज एक माणूस मुलांना शाळेत सोडायला वापरत होता. हे निखिलने मला सांगितलं आणि मी मशीन थांबवून बसून राहिले.

निखिलची गाडी केरळच्या वेल्डरने पुन्हा जोडली. मिस्त्री शेजारी मांडी घालून बसायचा. बोटभर जोड झाला आणि निवला की तो हात फिरवायचा, आणि म्हणायचा, "आगे" नाहीतर "फिरसे." निखिल सांगायचा की "फिरसे" जास्त वेळा असायचं. काम संपल्यावर अरबाबने त्याचा व्हिसा कॅन्सल केला. अरबाब वाईट माणूस नव्हता. न दिसणाऱ्या माणसाच्या हातात तो करवत तरी कशी देणार?

जायच्या आधी मिस्त्री पँटी न्यायला आला. बसला नाही. म्हणाला, "बरं केलं काकू तुमी. पोरगं वाचलं." मी पँटी मोजून पिशवीत भरल्या. मग म्हणाला, "पन मले बाजूले घेऊन सांगतलं असतं तरी मी कापलंच असतं. हेच कापलं असतं."

 मी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने लिफ्टचं बटण दोनदा चाचपलं. मी दाबून दिलं.

चार महिन्यांनी त्याचा व्हिडिओ कॉल आला, निखिलच्या फोनवर. अकोल्यात मुलीने त्याला धरून डॉक्टरकडे नेलं होतं. मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. एकेका डोळ्याला अर्धा तासही लागला नाही.  एवढ्यासाठी? एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने सव्वीस वर्षांचं काम घालवलं, आणि शाळेत जाणारी पोरं त्या गाडीत बसत होती?

"बाबाचाबी तोच असन काकू," तो म्हणाला. "कोनी दाखवलंच नाई."

 मग तो म्हणाला, "फोन जरा दूर धरा. तुमाले नीट पाह्यलंच नाई मी." मी धरला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, "तुमी तं लय म्हाताऱ्या हाये."

असं मला कोणी तोंडावर म्हटलेलं नाही. लोकांना असं बोलायचं काम माझं. मी म्हटलं, "आहे म्हातारी. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं."

"हाव, चुकलं," तो म्हणाला. लगेच, एक क्षणही न थांबता. मग म्हणाला, "पोऱ्याले सांगा, फोन घेऊन गाडीखाली जा."

आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. निखिलने गाडी वर उचलली, पाठीवर झोपला आणि फोनचा दिवा लावून काखेशी धरला. मी वाकून उभी होते. तिकडून आवाज येईना. निखिल म्हणाला, "काका, दिसतंय ना? ऑल ओके?" काही नाही. तो फोन पुढे सरकवायला लागला, तेव्हा मिस्त्रीचा आवाज आला.

"थांब ना बे. पाहू दे."

निखिलचा हात भरून आला. त्याने हात बदलला. आम्ही थांबलो.