डॉक्टरच्या काहूचं जीपीएस

माझ्या पोटात दुखायला लागलं ते डॉक्टरच्या घरी, गुढीपाडव्याच्या जेवणाला, श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर. श्रीखंडाचा काही दोष नव्हता. जेवणं आटोपल्यावर डॉक्टरनं त्याचा फोन टीव्हीला जोडला आणि पडद्यावर कँटरबरीची कुरणं उलगडली. त्यांच्यावरून एक पिवळी रेषा निघाली, नदीपर्यंत गेली, वळली, उंच चढली आणि एका कुंपणापाशी येऊन थांबली.

"ही माझी, कालची," डॉक्टर म्हणाला.

खोलीत क्राइस्टचर्चमधली पाचसहा मराठी कुटुंबं होती. सगळ्यांच्या तोंडून जो 'अरे वा' निघाला, तो मला अजून ऐकू येतो.

'माझी' म्हणजे काहू. आपल्याकडे पाणथळ जागी भोवत्या नावाचा शिकारी पक्षी दिसतो, त्याची ही न्यूझीलंडमधली चुलत बहीण. इथे परवाना काढून ती पाळता येते, शिकवता येते आणि सशांवर सोडता येते. डॉक्टर हॉस्पिटलात भूल देतो, मूळचा कोल्हापूरचा. मी रिकार्टनच्या एका फार्मसीत गोळ्या मोजतो, मूळचा पुण्याचा. आम्हा दोघांना हा नाद एकाच म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं लावला. आपसात आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो. शीळ कशी घालायची, दोरीला बांधलेलं आमिष गरगर कसं फिरवायचं, रोज सकाळी पक्षी तराजूवर कसा उभा करायचा, सगळं त्याच्याकडूनच शिकलो. म्हणजे दोघांची शाळा एक, मास्तर एक, आणि तरी टीव्हीवर डॉक्टरची.

माझ्याकडे काय होतं? गुरुजींनी दिलेला जुना रेडिओ. पक्ष्याच्या शेपटीला बारकं यंत्र, आणि माझ्या हातात गच्चीवरच्या दूरदर्शनच्या अँटेनाची धाकटी आवृत्ती. ती डोक्यावर धरून शेतात गोल गोल फिरायचं. टिकटिक ज्या दिशेला मोठी येईल तिकडे पळायचं. पक्षी सापडायचा, नेहमी सापडायचा. पण ते टीव्हीवर लावून पाहुण्यांना दाखवण्यासारखं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "डॅड, अंकलचं वे कूलर आहे." आमची मुलगी मराठीत बोलते ती अशी, फक्त घाव घालायचा असेल तेव्हा.

बायको म्हणाली, "तू आता काहीतरी विकत घेणार."

"छे," मी म्हणालो.

त्या आठवड्यात फार्मसीत जेवणाच्या सुट्टीत मी दुसरं काही केलं नाही. जीपीएसची यंत्रं तपासत बसलो. गोळ्यांचे दुष्परिणाम वाचायची सवय असल्यामुळे बारीक अक्षरातलं सगळं वाचलं. यंत्र पाठीवर बांधायचं असतं, तेव्हा वजन महत्त्वाचं. बॅटरी किती टिकते ते महत्त्वाचं. पण खरा प्रश्न एकच होता, पक्षी कुठे आहे हे यंत्र तुम्हाला सांगतं कसं. डॉक्टरचं यंत्र त्याच्या खिशातल्या एका डबीशी थेट रेडिओनं बोलायचं. त्याला मोबाइलची रेंज लागायची नाही. पण पक्षी टेकडीआड गेला की डबीला ऐकू यायचं नाही आणि रेषा तुटायची. दुसऱ्या प्रकारात पक्ष्याच्या पाठीवरच सिमकार्ड. तो जणू स्वतःच फोन घेऊन उडतो. रेंज असेल तोवर जगात कुठूनही दिसतो.

जगात कुठूनही. हे शब्द वाचले आणि बारीक अक्षरं वाचणं बंद केलं. डॉक्टरची काहू टीव्हीवर दिसली होती, क्राइस्टचर्चच्या पाचसहा घरांना. माझी पुण्यात दिसणार होती.

गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, रेंज नसेल तिथे काय करशील? मी म्हणालो, आता सगळीकडे असते. ते म्हणाले, निदान रेडिओ काढू नकोस, दोन्ही बांध. मी हो म्हणालो, आणि नवं यंत्र आल्यावर रेडिओ काढला. कारण डॉक्टरच्या काहूच्या पाठीवर एकच नेटकं यंत्र होतं, आणि माझी शेपटीला जुनाट वायर लटकवून हिंडली असती तर कशी दिसली असती?

पहिले दोन रविवार दृष्ट लागावी असे गेले. शहराजवळच्या शेतावर रेंज भरपूर. पुण्यातल्या भावाला, वडिलांना, दोन आत्यांना लिंक दिली होती. इथे दुपार असली की तिथे सकाळचा चहा. वडील चष्मा लावून बसायचे आणि काहू झाडावर टेकली की फोन करायचे. "अरे, थांबली रे ती. दमली का?" मी म्हणायचो, नाही बाबा, टेहळणी करतेय. हे संभाषण डॉक्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं करायचो.

डॉक्टर शेवटी म्हणाला, "लेका, तिला शिकारीला सोडलंयस की वधुपरीक्षेला?"

मी हसलो. हसायला परवडत होतं.

तिसऱ्या रविवारी डॉक्टरच म्हणाला, डारफील्ड गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका मेंढपाळाचं रान आहे, ससे फार झालेत, या म्हणतोय. आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. ठरलं असं की आधी मी सोडायची, मग त्यानं. तो फाटकापाशी घडीच्या खुर्चीत चहाचा थर्मास घेऊन बसला. त्याची काहू पेटीत. मी माझ्या काहूला हातमोज्यावरून वर सोडलं.

ती उडाली, उताराला लागून डावीकडे गेली, आणि मी फोन बघितला. ठिपका जागच्या जागी. वर बघितलं तर आकाश रिकामं. परत फोन. ठिपका अजून माझ्या हातावरच बसलेला. रेंजच्या जागी काही नव्हतं.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? उभा राहील, शीळ घालेल, आमिष फिरवेल आणि आजूबाजूला बघेल. मी रेंज शोधायला निघालो. फोन डोक्यावर धरून टेकडी चढू लागलो, अगदी त्या अँटेनासारखा, फरक इतकाच की अँटेना टिकटिक करायची. कुंपणाच्या कडेकडेनं वर गेलो. दर थोड्या वेळानं थांबायचं, पडदा बघायचा, पुढे जायचं.  दोन हिवाळे रोज सकाळी जिला तराजूवर उभं केलं, जिच्यासाठी फ्रीजरचा एक कप्पा कोंबडीच्या पिल्लांनी भरला आणि बायकोची बोलणी खाल्ली, ती गेली असं वाटायला लागलं होतं. काहू परत रानटी व्हायला फार वेळ घेत नाही.

टेकडीच्या माथ्यावर रेंजची एक काडी उगवली. फोन थरथरला. मी डोळे फाडून बघितलं. काहूचा ठिपका नव्हता. घरच्या ग्रुपवर निरोप होते. भाऊ: 'लिंक चालत नाहीये.' आत्या: 'पक्षी झोपला का?' वडील: 'परत पाठव.' आणि मी, टेकडीवर, वाऱ्यात, माझी काहू हरवलेली असताना, त्यांना उत्तरं टाइप करत होतो. 'जरा रेंजचा प्रॉब्लेम आहे. थांबा.' काडी गेली. मी थांबलो. परत आली नाही.

मग मान खाली घालून उतरलो. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होतो. डॉक्टरला हरवली म्हणून सांगायचं, पण यंत्राचं नाव न घेता.

फाटकापाशी डॉक्टर उभा होता. त्याच्या डाव्या हातावर माझी काहू. पिल्लू फाडून खात होती. माझ्या हातावर ती कसं खायची, तर दोन घास, मग माझ्याकडे बघायचं, मग इकडेतिकडे. इथे मान वर करत नव्हती.

"मघाशी आली," डॉक्टर म्हणाला. "बराच वेळ तू दिसेनास. म्हटलं, एक शीळ घालून बघू. आमिष फिरवलं आणि सरळ खालीच."

शीळ तीच. गुरुजी एक. मला हे कळत होतं. तरी हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद व्हायच्या आधी मला जे झालं, ते आनंदाच्या जवळपासही नव्हतं.

"तुझ्याकडे चांगली खाते," मी म्हणालो.

"भूक लागली होती रे तिला."

"दे इकडे."

परतताना तो गाडी चालवत होता. मी फोन मांडीवर धरून बसलो होतो. डारफील्ड जवळ आलं, रेंज आली, आणि यंत्रात साठलेली सगळी उड्डाणं एकदम फोनवर उतरली. मी पडदा वळवून धरला, पण त्याचं लक्ष गेलं होतं.

"काय आलंय?"

"काही नाही."

"दाखव ना." त्यानं पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली आणि फोन माझ्या हातातून काढला.

रेषा फाटकापासून डावीकडे गेली होती, आणि लगेच वळून परत आली होती. मग टेकडीवर चढली होती, कुंपणाच्या कडेकडेनं, खांबावरून खांबावर, थांबत थांबत. जिथे जिथे मी पडदा बघायला थांबलो, तिथे जवळच्या खांबावर ती थांबली होती. माथ्यापर्यंत. मी घरी उत्तरं देत होतो तेव्हा ती माझ्या मागच्या खांबावर बसलेली होती. बराच वेळ. मग खाली गेली होती, शिळेच्या दिशेनं.

 डॉक्टरनं बोटानं रेषा मोठी केली, परत लहान केली.

"ही तुझ्या मागं मागं फिरत होती," तो म्हणाला.

"दिसतंय तसं."

"माझी कधी येत नाही अशी. सोडली की आपली पुढं." मग पुन्हा रेषेवर बोट ठेवून, "माझ्यात हे दिसलंच नसतं. टेकडीआड रेषा तुटते."

त्याच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. कसं ओळखणार नाही? मी ते महिनाभर रोज चघळलं होतं. काय गोड वाटलं म्हणून सांगू.

"मी हेच घेतो," तो म्हणाला.

आणि इथे मी आयुष्यात क्वचित करतो तशी गोष्ट केली. खरं सांगितलं. "घेऊ नकोस. रेंज नसली की ऐन वेळी आंधळं आहे हे. आज तू नसतास तर गेली होती ती."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं आणि हसला. "जळतोस."

"अरे, खरंच सांगतोय."

"माझ्याकडे पण आलं तर तुझं काय राहिलं, नाही का? औषधवाले, ओळखतो मी तुम्हाला."

मी आणखी दोनदा सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्याची खात्री पटत गेली. शेवटी इतकंच म्हणालो की जुनं काढू नकोस, दोन्ही बांध. ते त्यानं ऐकलं, बहुतेक गुरुजींनीही सांगितलं म्हणून. मीही रेडिओ परत शेपटीला बांधला. वायर लटकते. लटकू दे.

त्याचं यंत्र पंधरा दिवसांत आलं. रविवारी त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं. कंपनीनं मधल्या काळात नवं मॉडेल काढलं होतं. माझ्या यंत्रापेक्षा हलकं, आणि बॅटरी दीडपट.

"छान आहे," मी म्हणालो, आणि पोटाच्या त्याच जागी पुन्हा सुरू झालं.