त्या काळचा गार वारा

कोठावदेकाकांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या पायांशी. इंदिरानगरात नवं घर घेतलं म्हणून पेढे द्यायला मी शेजारच्या बंगल्यात गेलो, तर फाटकाच्या आत एक जुनी पांढरी मोटार उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांनी माझ्याकडे पाना मागितला. शेजारच्या डब्यातला हाताला लागला तो मी आत सरकवला. क्षणभराने तो जसाच्या तसा बाहेर आला आणि पाठोपाठ आवाज आला, "हाऊ त्या काळना नहीं शे."

काका मूळचे सटाण्याचे. जगाशी ते चांगलं शहरी मराठी बोलत, पण गाडीचा विषय निघाला की अधूनमधून अहिराणीवर येत. जन्मभर भांडी बाजारात भांड्यांचं दुकान चालवून ते आता घरी बसले होते. म्हणजे गाडीखाली झोपले होते. टॅक्सीवाल्यांकडे असायची त्या चौकोनी तोंडाच्या जातीची ही गाडी. ती नवी होती तेव्हा जशी होती तशी पुन्हा करायची, हा त्यांचा ध्यास होता. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एकच प्रश्न असे, "त्या काळनं शे का?" म्हणजे, त्या काळचं आहे का? मी दिलेला पेढाही त्यांनी आधी उलटसुलट करून पाहिला.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो हे कळल्यावर काकांना फार आनंद झाला. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही हे मी दहादा सांगितलं. "सर, जुनं ओळखायचं, एवढंच तर काम शे," असं म्हणून त्यांनी माझे रविवार ताब्यात घेतले. मला बसायला मात्र नेहमी मागची सीट. पुढची डावी सीट रिकामी असायची, तिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल अंथरलेला असायचा, आणि तिथे कोणी पिशवीसुद्धा ठेवलेली काकांना खपत नसे. त्यामुळे गावोगाव लोक मला साहेब आणि काकांना ड्रायव्हर समजत. चहा आधी मला मिळायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे.

ती सीट काकूंची होती. गाडी घेतली तेव्हा काकांनी मुंबईहून तिला एसी बसवून आणला होता, डॅशबोर्डखाली लटकणारी काळी पेटी आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर. काकू मजेत पुढे बसून सगळीकडे जायच्या. मग कधीतरी तो बिघडला, आणि भांडी विकणाऱ्या काकांनी तो स्वतःच्याच दुकानात पितळी घंगाळांबरोबर मोडीत घातला. तेव्हापासून काकूंना गाडी लागायला लागली. वणीला देवीच्या दर्शनाला काकू लाल बसने जायच्या, हातात लिंबू घेऊन, आणि बसच्या मागोमाग रिकाम्या सीटची गाडी घेऊन काका. लग्नकार्यातही तीच तऱ्हा. नातेवाईक हसायचे. काका त्यांच्या हसण्यात सामील व्हायचे, पण घरी परतल्यावर पुन्हा गाडीखाली शिरायचे.

"नवा एसी एका दिवसात बसेल," असं मिस्त्री, मी, मुलगी, जावई, सगळ्यांनी सांगून झालं होतं. काका ऐकत नव्हते. काकूंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, की तो पहिला होता तस्साच एसी बसवा, मग मी बसते. त्यात तसूभरही बदल करायची काकांची तयारी नव्हती.

हे सारं मला फार हृद्य वाटत होतं. मग एकदा काका आंघोळीला गेले असताना काकूंनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"सर, मला गाडी लागत नाही. ह्यांचं चालवणं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण नवऱ्याला असं तोंडावर कसं सांगायचं? म्हणून म्हटलं, तसाच एसी आणा. म्हटलं, कुठे मिळणारे. तुम्ही जाता ना बरोबर? जरा बघा, मिळायला नको."

काकूंचं काही चुकत नव्हतं. काका मागच्या माणसाशी बोलताना पूर्ण मान वळवून बोलत. रस्ता पुढे आहे याचं त्यांना अगत्य नसे. वळणावर ते असे वळत की पोटातला चहा कपात असल्यासारखा डुचमळे. मी काकूंना शब्द दिला, आणि त्या दिवसापासून मी एकाच गाडीतून दोन्ही पक्षांसाठी हिंडू लागलो.

पहिला दगा मला एका कोंबडीने दिला. हरसूलच्या बाजारच्या दिवशी एका घराच्या ओट्यावर काकांना एसीची तसलीच काळी पेटी दिसली. मी त्यांना भाजी बघा, डोंगर बघा म्हणून दुसरीकडे वळवत होतो, पण ते थबकलेच. नाशकाच्या भंगारातून त्या घरच्या मुलाने ती कधीतरी आणली होती. आतली जाळी माळ्यावर टाकून दिली होती आणि हवेशीर पेटीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. घरच्या बाई पेटी द्यायला तयार होत्या, पण लगेच नाही.

"कोंबडी बसेल हाय. पिल्लं निघू द्या, मंग न्या," त्या म्हणाल्या.

दुसरा कोणी असता तर त्याने बाईंना दुसरं खोकं दिलं असतं. काकांनी तसं काही केलं नाही. बसल्या कोंबडीला उठवू नये हे त्यांनाही पटलं होतं. दर बाजाराला आम्ही हरसूलला जाऊन कोंबडीची विचारपूस करून येऊ लागलो. काका तिच्यासाठी बाजरी नेत. इकडे काकू मला विचारत, "अजून बसलीये ना?" एका कोंबडीच्या चिकाटीवर एवढा संसार अवलंबून असलेला मी दुसरा पाहिला नाही. शेवटी पिल्लं निघालीच. काकांनी माळ्यावरच्या जाळीसकट पेटी घरी आणून आठवडाभर घासली, तरी तिच्या झडपांतून अधूनमधून पीस निघत असे.

कॉम्प्रेसर मिळणार नाही अशी माझी खात्री होती. सिन्नरच्या रस्त्यावर रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. काका वर्षानुवर्षं तिथेच हवा भरत. त्या दिवशी हवा भरता भरता काकांनी मान तिरकी केली आणि ते दुकानात शिरले. कोपऱ्यात मोटरला जोडलेलं एक काळं धूड धडधडत होतं. गाडीच्या एसीचा जुना कॉम्प्रेसर चाकांत हवा भरायला जुंपायचा, ही पंक्चरवाल्यांची जुनी रीत. एवढी वर्षं काका ज्याच्या शोधात हिंडत होते, तोच त्यांच्या चाकांत हवा भरत होता.

"त्या काळनं शे का?" काकांनी विचारलं.

"अब्बांच्या वेळचं आहे, काका. तेव्हापासून बंद नाही पडलं," रफिकभाई म्हणाले.

काकांनी त्यांना नवं यंत्र आणून दिलं आणि ते धूड मांडीवर घ्यायला मला लावलं. मिस्त्रीने पाहून डोक्याला हात लावला. हा धोंडा आहे, या इंजिनाचा जीव जाईल, असं त्याने बजावलं. "त्या काळीही जायचाच," काका समाधानाने म्हणाले. अडचण फक्त गॅसची आली. जुना गॅस आता मिळत नव्हता. काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी गॅसला रंगरूप नसतं अशी मनाची समजूत घातली आणि तो भरताना पाठ करून उभे राहिले. एसी सुरू झाला तेव्हा पेटीतून फुंकर घातल्याएवढा वारा आला. मी म्हटलं, काका, फार गार नाही. ते म्हणाले, "त्या काळी थंडी एवढीच होती."

काकूंनी शब्द पाळला. वणीला जायच्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून, मुठीत लिंबू धरून बाहेर आल्या. माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. काकांनी टॉवेल उचलला, दार उघडलं, काकू बसल्या, एसी लागला आणि गाडी निघाली.

निघाली म्हणजे सरपटू लागली. त्या धोंड्याचं ओझं इंजिनाला पेलवेना. काका ॲक्सिलरेटर दाबत होते, गाडी कण्हत होती, पण बैलगाडीच्या वर जायला तयार नव्हती. वळण आलं तरी ते पोटाला कळत नव्हतं, इतक्या सावकाश आम्ही वळत होतो. काकांनी मान वळवून माझ्याशी गप्पा मारल्या, तरी कोणाला काही धोका नव्हता. दिंडोरीपुढे टोमॅटोचे कॅरेट लादलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. काका लाजले आणि एसी बंद करायला त्यांनी हात पुढे केला. काकूंनी तो हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तेव्हा असंच वाटायचं हो. अगदी असंच."

आणि मुठीतलं लिंबू त्यांनी मागे माझ्याकडे दिलं. तेव्हा मला उमगलं, की काकूंनी थाप म्हणून सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. त्या काळी त्यांना बरं वाटायचं ते या एसीमुळेच. फक्त गारव्याचा त्यात संबंध नव्हता. काकांना यातलं काही कळलं नाही. बायकोने हात धरलाय एवढंच त्यांना कळलं, आणि नांदुरीपर्यंत त्यांनी एका हाताने गाडी चालवली. गडाच्या पायथ्याशी इंजिन उकळलं. आम्ही गाडी तिथेच ठेवून तिघे बसने वर गेलो.

त्यानंतर चार वर्षं काकू प्रत्येक कार्याला पुढच्या सीटवर बसून आल्या. सगळ्यात उशिरा पोचायच्या, पण रुबाबात. गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः रविवारी, कारण रविवारचं काय करायचं हे मी विसरून गेलो आहे.

परवा काकूंना वणीला न्यायला त्यांचा जावई आला. चांगला मुलगा, पण ॲक्सिलरेटरवर पाय जड. त्याने काकांच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "आई, हा कॉम्प्रेसर बदलू या. नवा हलका येतो, गाडी कशी पळेल बघा."

काकूंनी पुढच्या सीटवरचा टॉवेल उचलून घडी घातली.

"त्या काळनं शे का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नवा."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. त्या आत बसल्या, थंडी होती म्हणून अंगावरची शाल घट्ट केली, आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच त्यांनी एसी लावला. पेटीच्या झडपेतून एक तांबूस पीस निघालं आणि त्यांच्या मांडीवर पडलं. ते त्यांनी उचललं, डोळ्यांना लावलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.